पासबुकातले ५९० : बँकेने कापलेल्या शुल्काच्या परताव्याचा आढावा

बचत खात्याच्या पासबुकात मधूनच ५९० रुपयांची वजावट दिसते. पाचशे रुपये शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे नव्वद. कधी नोंद १७ रुपये ७० पैशांची असते. ती तीन महिन्यांच्या एसएमएसची, पंधरा रुपये अधिक कर. मे महिन्याच्या अखेरीस २० किंवा ४३६ रुपये जातात. ते पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा या योजनांचे वर्षाचे हप्ते. नोंदीपुढे इंग्रजी आद्याक्षरांची जुडगी छापलेली असते. तिचा अर्थ खातेदाराला लागत नाही आणि काउंटरवर विचारले तर ‘सिस्टीमनेच कापले’ असे उत्तर मिळते. रक्कम किरकोळ असते आणि वसुलीचे सारे बळ त्या किरकोळपणातच आहे, कारण दोन-पाचशे रुपयांसाठी सहसा कोणी भांडत बसत नाही. एकत्रित आकडा मात्र किरकोळ नाही. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लक नसल्याबद्दल २१ हजार कोटींहून अधिक, जादा एटीएम व्यवहारांबद्दल ८ हजार कोटींहून अधिक आणि एसएमएसपोटी ६ हजार कोटींहून अधिक रुपये घेतल्याची माहिती ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने राज्यसभेत दिली होती.

इंग्लंडमध्ये अशा रकमांसाठी दिवाणी न्यायालयातच छोट्या दाव्यांची वेगळी, स्वस्त वाट आहे. भारतातही ‘लघुवाद न्यायालय’ हे नाव जुने आहे. मुंबईसाठी १८८२ चा आणि इतर भागांसाठी १८८७ चा कायदा झाला. पण मुंबईचे लघुवाद न्यायालय आज मुख्यतः भाडेकरू आणि घरमालकांचे भांडण सोडवण्यात गुंतलेले असते. बँकेच्या शुल्कासाठी तिकडे कोणी जात नाही. बँकेच्या ग्राहकासाठी छोट्या दाव्याचे काम इथे तीन दारांवर वाटले गेले आहे : बँकेची स्वतःची तक्रार यंत्रणा, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. रत्नागिरी तालुक्यातील पालीचा खातेदार धरला, तर पहिले दार गावातल्या किंवा जवळच्या शाखेत, दुसरे मोबाइलच्या पडद्यावर आणि तिसरे सुमारे वीस किलोमीटरवर रत्नागिरी शहरात. कोणत्या दारात काय मागता येते, हे मात्र पैसे कशाच्या आधारावर मागितले जातात यावर ठरते. बहुतेक तक्रारी फसतात त्या इथेच.

शुल्क अवाजवी आहे, म्हणून ते परत करा, ही मागणी ऐकायला सर्वांत न्याय्य वाटते. कायद्यात ती सर्वांत दुबळी ठरते.

महाराष्ट्रात सावकाराच्या हिशेबात न्यायालयाने हात घालण्याची परंपरा मोठी आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा दामदुपटीचा दंडक हिंदू धर्मशास्त्रातून आला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो इंग्रजी अमलातही पाळला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या दंगलींनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास उघडण्याचा अधिकार त्याने दिला. कागदावर अंगठा उठला आहे, एवढ्यावर वाद मिटत नसे. बँकांच्या बाबतीत मात्र कायदा उलट्या दिशेने गेला. बँकिंग नियमन अधिनियम १९४९ मध्ये १९८४ साली कलम २१ अ घातले गेले. कर्जाचा व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. सेवाशुल्काचे पूर्वी भारतीय बँक संघ ठरवून देत असलेले दरपत्रकही १९९९ मध्ये गेले आणि दर ठरवण्याची मोकळीक प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला मिळाली. शुल्क वाजवी असावे यासाठी रिझर्व्ह बँकेने एन. सदाशिवन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर मूलभूत सेवांसाठी काही तत्त्वे ठरली, पण दराला कमाल मर्यादा आली नाही.

दराच्या वाजवीपणावर लढून काय होते, याचे दोन मोठे दाखले आहेत. ब्रिटनमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी परवानगीविना झालेल्या ओव्हरड्राफ्टवरील दंड परत मागण्यासाठी छोटे दावे लावले. सुनावणीपर्यंत जाण्याऐवजी बँका बहुधा पैसे देऊन मोकळ्या होत. मग जुलै २००७ मध्ये तिथल्या रास्त व्यापार कार्यालयाने कसोटी खटला दाखल केला आणि बाकीचे दावे थांबले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकांच्या बाजूने दिला : हे शुल्क म्हणजे खात्याच्या किमतीचाच एक भाग, म्हणून त्याचा वाजवीपणा करारांतील अन्याय्य अटींविषयीच्या नियमांखाली तपासता येणार नाही. भारतात ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे आणि कार्डधारकाने अटी मान्य केलेल्या असताना आयोगाला त्या नव्याने लिहिता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता.

म्हणजे खातेदाराने विचारायचा प्रश्न ‘किती कापले’ हा नाही. ‘कोणता नियम मोडून कापले’ हा आहे. आणि नियम आहेत, बरेच आहेत. त्यांतले काही काउंटरमागच्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नसतात.

किमान शिलकीचा नियम त्यांत सर्वांत उपयोगाचा. रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून वाणिज्य बँकांना लागू झाले. शिल्लक कमी झाली की बँकेने खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, भरपाईसाठी एक महिना द्यायचा आणि त्यानंतरच दंड लावायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. त्यासाठी टप्पे पाडता येतात, पण सरसकट एकच रक्कम लावता येत नाही. आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. समजा, खात्याला पाच हजारांची सरासरी शिल्लक हवी होती आणि ती ४,६०० भरली. तूट ४०० रुपयांची आणि कापले ५९० असतील, तर ‘तुटीच्या प्रमाणात’ या शब्दांचा अर्थ बँकेला लेखी विचारता येतो. त्याहून सोपा प्रश्न पूर्वसूचनेचा. सूचना पाठवल्याचा पुरावा बँकेने द्यायचा असतो, आणि मोबाइल क्रमांक जुनाच राहिलेल्या खात्यात तो देताना तिची पंचाईत होते. मात्र क्रमांक बदलल्याचे खातेदारानेच कळवले नसेल, तर हे हत्यार बोथट होते.

पालीसारख्या गावात हा दंड येण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. मुलगा मुंबईत नोकरीला असतो, पगाराचे खाते तिथल्या शाखेत असते. पगार खात्याला किमान शिलकीची अट नसते. नोकरी सुटते, तो गावी येतो, काही महिने पगार जमा होत नाही आणि खाते आपोआप साध्या बचत खात्यात बदलते. शाखा महानगरातली, म्हणून शिलकीची अट महानगराची. माणूस आंब्याच्या बागेत, खाते लोअर परळच्या शाखेत. दहा हजारांहून कमी लोकवस्तीच्या गावातील शाखा ग्रामीण धरली जाते आणि तिथे बहुतेक बँकांची अट बरीच कमी असते. खाते गावच्या शाखेत हलवून घेतले की पुढचा दंड टळतो. मागचा परत मागायचा तर खात्याचा प्रकार बदलला हे कधी, कोणत्या मार्गाने कळवले, हे विचारायचे. जनधनसह मूलभूत बचत ठेव खात्यांना किमान शिलकीची अटच नाही. दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेल्या खात्यावर हा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठीही शुल्क घेता येत नाही. १ जानेवारी २०२४ चे परिपत्रक त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून हे स्पष्ट करते. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील हा दंड काढून टाकला. २०२५ च्या मध्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक आणि इंडियन बँक यांनीही तेच केले. पुढे दंड रद्द झाला म्हणून मागचा आपोआप परत मिळत नाही, हेही इथेच नोंदवायला हवे.

सबंध राज्याने हा प्रश्न एकदाच पाहिला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये १४ ऑगस्टपासून खात्यांत पडू लागले आणि अनेक बायकांच्या हाती त्याहून कमी रक्कम आली. वर्षानुवर्षे रिकाम्या असलेल्या खात्यांवर दंड साचलेला होता. पैसे येताच यंत्रणेने तो वळता करून घेतला. तक्रारी वाढल्यावर योजनेच्या पैशांतून असे शुल्क कापू नये, अशा सूचना बँकांना दिल्याचे महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले. ज्याला शाखेत अर्ज देऊन महिने लागले असते, ते मंत्रालयातून काही दिवसांत हलले. यातला कायद्याचा मुद्दा मात्र योजनेपुरता नाही. खाते उणे करता येत नाही म्हणून बँक दंड पडद्यामागे साचवते आणि पुढची जमा रक्कम आली की कापते. उणे शिलकीच्या मनाईतून काढलेली ही पळवाट नियमाच्या शब्दांना धरून असेलही, हेतूला धरून नाही. पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता असा गेला असेल तर तक्रारीत हा भेद स्पष्ट लिहावा लागतो.

एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले आहे. तिमाहीत दोनच संदेश आलेल्या खात्याला पूर्ण पंधरा रुपये लागले, तर ते या सूचनेशी जुळत नाही. विम्याच्या २० आणि ४३६ रुपयांचे उत्तर अधिक सोपे आहे : या दोन्ही योजना ऐच्छिक आहेत आणि खातेदाराच्या संमतीशिवाय हप्ता कापता येत नाही. संमतिपत्राची प्रत मागितली की बहुतेकदा वाद तिथेच संपतो. प्रत सापडत नाही आणि पैसे परत येतात. कर्ज मंजूर करताना गळ्यात घातलेल्या मोठ्या विमा पॉलिसीचे तसे नसते. तिथे सही असते, बहुधा तीन-चार ठिकाणी.

एटीएमचे नियम काटेकोर आहेत आणि तिथे ग्राहक सहसा जिंकतो. स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरात तीन आणि अन्यत्र पाच. त्यापुढे एका व्यवहाराला कमाल २३ रुपये अधिक कर. हा दर १ मे २०२५ पासूनचा, त्याआधी २१ होता. यंत्रात नोटा नव्हत्या किंवा तांत्रिक बिघाड झाला, तर तो व्यवहार या मोजणीत धरता येत नाही. खात्यातून रक्कम गेली आणि नोटा बाहेर आल्याच नाहीत, तर २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता. महामार्गाच्या कडेला रात्री असा व्यवहार फसला, रक्कम सतराव्या दिवशी परत आली आणि भरपाई शून्य, अशी स्थिती असेल तर बँक १,२०० रुपये देणे लागते. मूळ रक्कम परत आल्याच्या आनंदात हे बाराशे बहुतेक जण विसरतात.

कर्जखात्यात रक्कम मोठी असते आणि चूक शोधायला कष्ट पडतात. हप्ता चुकला तर पूर्वी बँका व्याजदरातच ‘दंडव्याज’ मिसळत. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केले : दंड आकारायचा तर वेगळे शुल्क म्हणून, वाजवी, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, जुन्यांना त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत लावायचे होते. दंडव्याजाचे मुद्दलात रूपांतर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या खटल्यात २००१ मध्येच सांगितले होते. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर २०१२ पासून आणि व्यक्तींच्या इतर तशाच मुदत कर्जांवर २०१४ पासून बंद आहे. व्यवसायासाठी व्यक्ती आणि सूक्ष्म व लघु उद्योगांनी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांसाठी २ जुलै २०२५ च्या निर्देशांनी १ जानेवारी २०२६ पासूनची नवी चौकट आली. कर्ज फिटल्यावर घराची कागदपत्रे तीस दिवसांत परत द्यायची असतात. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तपासणीत सापडलेल्या खोडी उघड लिहिल्या : पैसे हाती पडण्याआधीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणे, धनादेश काही दिवसांनी दिला तरी त्यावरच्या तारखेपासून लावणे, महिन्याच्या मध्ये फेडलेल्या रकमेवर सबंध महिन्याचे घेणे. जादा घेतलेले परत करा, असे तिने बजावले. म्हणून कर्जाचे विवरणपत्र हाती आले की पहिल्यांदा दोनच तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात, रक्कम खात्यात पडल्याची आणि व्याज सुरू झाल्याची.

शेतकऱ्याच्या कर्जाला आणखी काही संरक्षण आहे. अग्रक्रम क्षेत्रातील २५,००० रुपयांपर्यंतच्या कर्जांवर कर्जविषयक सेवाशुल्क किंवा तपासणी शुल्क घेता येत नव्हते. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली. बचत गटाच्या कर्जात ती गटाला नव्हे, प्रत्येक सदस्याला लागते, हे गटाच्या अध्यक्षीणबाईंना सहसा कोणी सांगत नाही. अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदत पीककर्जावर एकूण व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, असाही रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. दामदुपटीचा जुना नियम परिपत्रकाच्या भाषेत असा शिल्लक राहिला आहे.

सर्वच कपातींना असा नियम सापडतो असे नाही. खात्यात पैसे नसल्याने हप्त्याचा आदेश परत गेला, की खात्याची बँक वेगळे शुल्क घेते आणि कर्ज देणारी संस्था वेगळे. तोच आदेश आठवड्यात तीनदा पाठवला तर तीनदा. याला थेट अडवणारा नेमका दंडक दाखवता येत नाही. तिथे करार कायदा १८७२ मधील कलम ७४ चा आधार घ्यावा लागतो. करारभंगाबद्दल करारात रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. युक्तिवाद करता येतो, निकालाची खात्री देता येत नाही.

पहिली पायरी शाखेतल्या लेखी अर्जाची. तोंडी तक्रारीला कायद्यात काहीच वजन नाही. अर्ज मराठीत चालतो. त्यात खाते क्रमांक, कपातीची तारीख, रक्कम, मोडलेल्या नियमाची तारीख आणि मागणी एवढेच हवे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यायची. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची. सोबत तीन गोष्टी मागून ठेवाव्यात : त्या काळाचा खातेउतारा, त्या वेळी लागू असलेले शुल्कपत्रक आणि आगाऊ सूचना पाठवल्याचा पुरावा. सरकारी बँकेकडून खाते उघडतानाच्या आपल्या अर्जाची प्रत दहा रुपये भरून माहिती अधिकारातही मागता येते. शंभर ओळींचा संतप्त अर्ज आणि सहा ओळींचा तारीखवार अर्ज यांत दुसऱ्यालाच उत्तर द्यावे लागते, कारण तो पुढे लोकपालाच्या टेबलावर जसाच्या तसा जाणार असतो. पुष्कळ प्रकरणे याच टप्प्यावर संपतात. शाखाधिकाऱ्याला ठरावीक मर्यादेत शुल्क माफ करण्याचा अधिकार असतो आणि पोच मागणाऱ्या ग्राहकासाठी तो वापरला जातो.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना. बँकिंग लोकपाल १९९५ पासून आहे; वेगवेगळ्या योजना एकत्र करून १२ नोव्हेंबर २०२१ पासून ‘एक राष्ट्र, एक लोकपाल’ झाला. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस संकेतस्थळावर किंवा चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने करता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. शुल्क नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही, आणि ही अट ग्राहकाच्या हिताची आहे. बँकेच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत यावे लागते. २०२१ च्या योजनेनुसार लोकपाल २० लाखांपर्यंत नुकसानभरपाई आणि मनस्तापापोटी एक लाखापर्यंत रक्कम देऊ शकतो. पण त्याचे खरे बळ वेगळे आहे : त्याच्यापुढे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक म्हणजे घरचाच कायदा. ‘तुटीच्या प्रमाणात नाही’ हा मुद्दा त्याला समजावून द्यावा लागत नाही. उलट, बँकेच्या व्यापारी निर्णयाविरुद्धची तक्रार तो पहिल्या वाचनातच बाजूला ठेवतो. साध्या शुल्कवादासाठी पालीतून रत्नागिरीला हेलपाटे घालण्यापेक्षा हाच रस्ता बरा.

कोणत्या बँका यात येतात, हे कोकणात विचारून घ्यावे लागते. वाणिज्य बँका, ग्रामीण बँका आणि मोठ्या नागरी सहकारी बँका येतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका २०२१ च्या योजनेत नव्हत्या. त्यांना आणि राज्य सहकारी बँकांना १ नोव्हेंबर २०२५ पासून घेतले गेले. पतसंस्था अजूनही बाहेर आहेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत. तिथे उपनिबंधकाकडे अर्ज किंवा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय हे मार्ग आहेत. सभासदाला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, हा संस्थांचा नेहमीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने थिरुमुरुगन सहकारी पतसंस्था विरुद्ध ललिता या निकालात २००३ मध्येच मोडीत काढला. सहकार कायद्यातील दाद असली तरी ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते.

तिसरे दार त्या आयोगाचे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. बँकिंग ही त्यात स्पष्टपणे सेवा आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंत दाखल करण्याचे शुल्क शून्य. जुन्या कायद्यात बँकेची शाखा किंवा कचेरी असेल तिथे, किंवा कारण घडले तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. लोअर परळच्या शाखेविरुद्ध रत्नागिरीत दावा चालतो, तो यामुळे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. लोकपालाकडे गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होत नाही. उशिराचे कारण सांगून माफी मागावी लागते. क्रमही महत्त्वाचा : लोकपालाकडून समाधान झाले नाही तर आयोगाकडे जाता येते, पण आयोगात प्रकरण सुरू असताना लोकपाल ते घेत नाही.

तक्रार स्वतः चालवता येते, वकील सक्तीचा नाही. शपथपत्र आणि कागदपत्रांसह ती कार्यालयात किंवा ई-जागृती या संकेतस्थळावर दाखल होते. आधीच्या ई-दाखिलची जागा त्याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरावे, बँकेने नोटिशीला ३० दिवसांत उत्तर द्यावे, फार तर आणखी १५ दिवस. पंचेचाळीस दिवसांनंतरचे उत्तर घेताच येणार नाही, असे घटनापीठाने २०२० मध्ये सांगितले. निकाल तीन महिन्यांत अपेक्षित आहे. अपेक्षित म्हणायचे एवढेच. तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. एका तारखेला एसटीचे जाणे-येणे, दिवसाची मजुरी आणि कोर्टाबाहेरचा चहा-वडा धरला तर ५९० रुपयांचा दावा तिसऱ्या तारखेलाच तोट्यात जातो. दृक्‌श्राव्य सुनावणीची तरतूद कायद्यात आहे. तिचा अर्ज आधीच द्यावा. आयोग उपयोगाचा ठरतो तो कपात वारंवार झाली असेल, कर्जखात्यातील रक्कम मोठी असेल किंवा कपातीमुळे हप्ता चुकून पतगुणांक बिघडला असेल तेव्हा. तिथे मूळ रक्कम, व्याज, मनस्ताप आणि खर्च असे चौपदरी मागता येते. एकाच शाखेत अनेकांचे सारखेच नुकसान असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. बचत गटांना ही तरतूद अंगच्या कपड्यासारखी बसते, पण वापर तुरळक आहे.

तक्रारीची शब्दरचना इथेही निर्णायक ठरते. ‘कराराची अट अन्यायकारक असल्याने रद्द करावी’ असे लिहिले तर ते जिल्हा आयोगाच्या कक्षेबाहेर जाते. नव्या कायद्यात अन्याय्य करार ठरवण्याचा अधिकार मुंबईच्या राज्य आयोगाला आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला आहे. ‘अमुक परिपत्रक मोडून पैसे घेतले, ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ असे लिहिले तर तेच प्रकरण रत्नागिरीत चालते.

दुसरा अडसर व्यावसायिक हेतूचा. महामार्गावरचा हॉटेलवाला, गॅरेजवाला किंवा आंबा व्यापारी चालू खात्यावरील शुल्काबद्दल आला, की बँक म्हणते, हा ग्राहकच नव्हे. स्वतःच्या श्रमातून पोट भरण्यासाठी चालवलेला धंदा कायद्याने यातून वगळला आहे. टपरी स्वतः चालवणारा ग्राहक राहतो. मोठ्या उलाढालीला ही सवलत नाही. शेअर दलालाने धंद्यासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टच्या प्रकरणात, श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तक्रारदाराला ग्राहक मानले नाही. अशांना लोकपाल मात्र मोकळा आहे, कारण त्याच्या योजनेत चालू खात्याला बंदी नाही.

आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण बँकेला आधी आदेशातील निम्मी रक्कम भरावी लागते. छोट्या रकमेच्या निकालांवर अपिले कमी होण्यामागे हे एक कारण आहे; अपिलाचा वकील मूळ रकमेहून महाग पडतो, हे दुसरे. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच आयोगात करायचा. कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. नोटीस शाखाधिकाऱ्याच्या नावाने निघाली की रक्कम सहसा पुढच्या तारखेपूर्वी खात्यात जमा होते.